प्रूफ वाचता येतं, तर एरर लॉगही वाचता येईल

ताई, नमस्कार.

रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपी आणि ऑफसेटचं छोटं दुकान आहे. २२ वर्षं लग्नपत्रिका, बिलबुकं, द्राक्षाच्या पेट्यांची लेबलं छापतोय. आता गिऱ्हाईक पत्रिकेची ऑर्डर देतं आणि वर विचारतं, "वेबसाइट पण करून देता का?" एचटीएमएल मी शिकलो, पानं बरी जमतात. पण ती सर्व्हरवर लावायची म्हटली की घोडं अडतं. व्हिडिओ बघून दुकानातल्या जुन्या पीसीवर उबुंटू लिनक्स टाकलं, ब्राउझरला पानं पुरवणारं एनजिंक्स टाकलं. साइटचं फोल्डर माझ्या होम फोल्डरमध्येच ठेवलंय. पान उघडलं तर '४०३ फॉरबिडन'. कुणी म्हणालं, फोल्डरला ७७७ ही परवानगी द्या. दिलं, फरक शून्य. मग वैतागून अख्ख्या होम फोल्डरलाच ७७७ दिलं, तर चाललं! भाचा बघून ओरडला, "मामा, हे काय करून ठेवलंय?" का ओरडला ते मात्र त्यालाही धड सांगता येईना. शिवाय पानावरचा मराठी मजकूर भलत्याच अक्षरांत दिसतोय. कॉलेज रोडवरचा एक क्लास सहा महिन्यांचे ४०,००० मागतोय. माझं वय ४४. क्लास लावू, की हे आपलं काम नाही म्हणून सोडून देऊ?

एक डीटीपीवाला, नाशिक

दादा, नमस्कार.

आधी क्लासचं बोलू, कारण तिथे पैसे जायचेत. सध्या लावू नका. नोकरीच बदलायची असती तर वेगळं सांगितलं असतं. तुम्हाला दुकान सोडायचं नाहीये, दुकानात एक काम वाढवायचंय. त्याला जुना पीसी, रोजचा एक तास आणि दोनेक महिने पुरतात. क्लासमध्ये सगळं चालू असलेलं मशीन समोर ठेवतात. तुमच्याकडे आत्ता बिघडलेलं मशीन आहे, शिकायला ते जास्त उपयोगी.

दुसरं, 'एनजिंक्स' नाही, उच्चार 'इंजिन-एक्स' असा आहे. मीही पहिली दोन वर्षं एनजिंक्सच म्हणायचे. अंबडच्या एका कंपनीत चार माणसांत हसं झालं तेव्हा कळलं. इगोर सिसोयेव या रशियन प्रोग्रामरने २००४ मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं. एकाच मशीनने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या हा त्या काळचा डोकेदुखीचा प्रश्न होता, त्यावरचा हा तोडगा. अपाची त्याहून जुना, १९९५ चा, आणि तोही आजवर उत्तम चालतोय. दोघांपैकी कुठलं शिकावं यावर लोक तासन् तास भांडतात. तुम्ही इंजिनएक्स टाकलंय ना? मग विषय संपला.

आता ४०३.

४०३ आला म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, तुम्ही काय मागितलं ते त्याला समजलंय, आणि तो "देत नाही, जा" म्हणतोय. का देत नाही हे तो ब्राउझरला सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे. दारात आलेल्या अनोळखी माणसाला आपण घरातल्या किल्ल्या कुठे असतात ते सांगतो का? पण तो लिहून ठेवतो. 'व्हार' फोल्डरच्या आत 'लॉग', त्याच्या आत इंजिनएक्सच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात 'एरर डॉट लॉग' नावाची साधी मजकुराची फाइल. तुम्ही व्हिडिओ पाहिले, मित्राला विचारलं, भाच्याला विचारलं. ज्याने दार अडवलं त्याला मात्र विचारायचं राहिलं. पत्रात ४०३ आहे, ७७७ आहे, पण एरर लॉगची एक ओळही नाही. तुमची सगळी अडचण मला तिथेच दिसते.

ती फाइल तुम्ही उघडली असती तर शेवटची ओळ बहुधा अशी असती: तुमच्या इंडेक्स फाइलचा पूर्ण पत्ता, पुढे 'इज फॉरबिडन', आणि कंसात '१३, परमिशन डिनाइड'. ती तेरा नंबरची तक्रार परवानगीची. तिच्याऐवजी 'डायरेक्टरी इंडेक्स ऑफ अमुक इज फॉरबिडन' असं लिहिलेलं असतं तर रोग निराळा. मग फोल्डरमध्ये इंडेक्स फाइलच नाही, किंवा तिचं नाव चुकलंय. लिनक्सला मोठ्या आणि लहान लिपीतला आय वेगळा असतो, त्यात नवे लोक हमखास फसतात. ब्राउझरवर दोन्हींना ४०३ च दिसतो. पाटी एक, कारणं दोन. आणि ७७७ दिलं तरी दुसऱ्यावर काडीचाही परिणाम होत नाही.

तुमचं पहिलं ७७७ वाया का गेलं ते बघू. तुम्ही रविवार कारंज्यावर आहात म्हणजे जुने वाडे आतून पाहिलेत. आधी दिंडी दरवाजा, मग देवडी, मग चौक, ओसरी, आणि पार आत माजघर. माजघराचं दार सताड उघडं ठेवलं तरी दिंडीला आतून कडी असेल तर पाहुणा रस्त्यावरच उभा राहणार. फोल्डरांचं अगदी तसंच आहे. तुमची साइट तुमच्या होम फोल्डरच्या पोटात, आणि उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचं होम फोल्डर बाहेरच्यांना बंद करून टाकलंय. इंजिनएक्स तुमच्या नावाने चालत नाही; उबुंटूवर तो 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नावाच्या एका वेगळ्या, मुद्दाम गरीब ठेवलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. तो दिंडीवरच अडला. आत तुम्ही माजघराला ७७७ देत बसलात. मग वैतागून वाड्याची सगळी दारं, खिडक्या, कोनाडे आणि तिजोरीसुद्धा उघडी टाकली, तेव्हा कुठे पाहुणा आत आला.

भाचा ओरडला तो त्या तिजोरीसाठी. तीन आकडे म्हणजे तीन माणसं: मालक, मालकाचा गट, आणि बाकीचं जग. प्रत्येकाच्या आकड्यात वाचायचे ४, लिहायचे २, आणि चालवायचा १; फोल्डरच्या बाबतीत तो १ म्हणजे आत शिरायची मुभा. सगळे मिळून ७. बाकीच्या जगाला ७ दिले म्हणजे त्या मशीनवर चालणारा कुठलाही प्रोग्राम तुमच्या फाइली बदलू शकतो. उद्या साइटवर एखादा फॉर्म टाकलात आणि त्यात भोक राहिलं, तर त्या भोकातून शिरलेल्याला हाताशी लिहायची परवानगी तयारच. आणखी एक गंमत सांगते, हिने मी एकदा अर्धी रात्र घालवली आहे. होम फोल्डर सगळ्यांना लिहायला खुलं दिसलं की एसएसएच, म्हणजे दुरून मशीनवर लॉगिन करायची सोय, तुमची चावीची फाइल नाकारतं. तुम्ही केलेल्या कामाचा आणि लॉगिन बंद पडण्याचा काही संबंध असेल असं वाटतसुद्धा नाही.

तर उपाय. साइट होममधून उचला आणि 'व्हार'च्या आतल्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' फोल्डरात तिच्या नावाचं फोल्डर करून ठेवा. ती जागा याच कामासाठी आहे. फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४. मालक तुम्ही, बाकीच्यांना फक्त वाचायला. होम फोल्डर परत ७५० करा. आतल्या फाइलींनाही ७७७ दिलं असेल तर त्याही एकेक बघून घ्या, विशेषतः एसएसएचच्या चाव्या असलेलं लपलेलं फोल्डर: त्याला ७००, आतल्या खाजगी चावीला ६००. आणि 'नेमआय हायफन एल' ही आज्ञा वहीत लिहून ठेवा. तिच्यापुढे फाइलचा पूर्ण पत्ता दिला की दिंडीपासून माजघरापर्यंत प्रत्येक दाराची परवानगी ती ओळीने दाखवते. कुठलं दार बंद आहे ते एका नजरेत कळतं. ही आज्ञा मला कुणी दहा वर्षं आधी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. (आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितेय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

आता कॉन्फिग फाइल, म्हणजे सर्व्हरला सूचना लिहून द्यायची फाइल. तिला घाबरण्यासारखं काही नाही, तुम्ही तर नाहीच. उबुंटूवर 'इटीसी'च्या आत इंजिनएक्सचं फोल्डर असतं, त्यात 'साइट्स-अव्हेलेबल' आणि 'साइट्स-एनेबल्ड' अशी दोन. पहिल्यात साइटच्या फाइली लिहून ठेवायच्या, आणि जी चालू करायची तिची फक्त दुवा देणारी खूण दुसऱ्यात. तुमच्याकडे रॅकवर प्लेटा कितीही असल्या तरी मशीनवर चढलेली तेवढीच छापते, तसं. साइटच्या फाइलीत 'सर्व्हर' शब्द, महिरपी कंस, आणि आत मोजून चार ओळी: कुठल्या नंबरवर ऐकायचं, कुठल्या नावाला ओ द्यायची, फाइली कुठे आहेत, आणि पहिलं पान कुठलं. नंबर म्हणजे पोर्ट. साध्या वेबचा ८०, कुलूपवाल्या म्हणजे एचटीटीपीएसच्या वेबचा ४४३. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम. बस्स. एवढ्यावर साइट उभी राहते. व्हिडिओतली चाळीस ओळींची फाइल उचलून चिकटवू नका. त्यातल्या छत्तीस ओळी त्या माणसाच्या अडचणींसाठी लिहिलेल्या असतात, तुमच्या नाही.

प्लेट मशीनवर चढवण्याआधी तुम्ही प्रूफ काढता ना? इथेही आहे. 'सुडो' (सर्वाधिकाराने आज्ञा चालवायचा शब्द), मग इंजिनएक्सचं नाव, मग 'हायफन टी'. फाइल वाचून ती चूक सांगते, ओळ क्रमांकासकट. पण एक खोच आहे. समजा 'रूट'च्या, म्हणजे फाइली कुठे आहेत ते सांगणाऱ्या ओळीचा अर्धविराम राहिला. इंजिनएक्सला ओळ संपल्याचं कळतच नाही, तो पुढची 'इंडेक्स'ची ओळही रूटचाच मजकूर समजून वाचत जातो आणि पहिला अर्धविराम मिळाला तिथे थांबून म्हणतो, "रूटला दिलेल्या गोष्टींची संख्या चुकली." ओळ क्रमांक सांगतो तो पुढच्या ओळीचा. नवा माणूस ती ओळ दहा वेळा वाचतो, ती निर्दोष असते. म्हणून दाखवलेल्या ओळीच्या एक ओळ वर बघायची सवय लावा. तुम्हाला हे जड जाऊ नये. परिच्छेदात अवतरणचिन्ह उघडलेलं आणि मिटायचं राहिलेलं तुम्ही रोज पकडत असाल.

आणि प्रूफ स्वच्छ निघालं म्हणजे पत्रिका बरोबर असं नसतं, हेही तुम्हाला मी काय सांगणार. शुद्धलेखन चोख आणि मुहूर्ताची तारीख चुकलेली, असं होतंच की. 'हायफन टी' व्याकरण तपासते, अर्थ नाही. रूटमध्ये अस्तित्वातच नसलेल्या फोल्डरचं नाव टाका, ती तरीही "सगळं ठीक" म्हणेल. मग पान मागितलं की ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'.

तपासून झालं की 'रीलोड' करा, 'रीस्टार्ट' नको. रीलोडमध्ये नवी फाइल चुकीची निघाली तर इंजिनएक्स जुनीच चालू ठेवतो. रीस्टार्टमध्ये आधी दुकान बंद होतं, आणि फाइलीत चूक असेल तर उघडतच नाही.

कधी तुमची साइट न दिसता 'वेलकम टू इंजिनएक्स'चं पान दिसेल. तेव्हा समजायचं की मागितलेलं नाव तुमच्या फाइलीतल्या नावाशी जुळलं नाही आणि मूळची 'डीफॉल्ट' साइट पुढे सरकली. नावातलं एखादं अक्षर चुकलेलं असतं, नाहीतर ती दुवा देणारी खूण करायची राहिलेली असते.

लॉगकडे परत येते, कारण माझं सगळं सांगणं तिथेच येऊन थांबतं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण काय करतो? किती क्युसेक सोडलं हा आकडा बातमीत येतो, पण गोदाकाठच्या माणसाला तो आकडा काही सांगत नाही. तो बघतो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे. कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. दुकानातला माल कधी हलवायचा ते त्यावरून ठरतं. सर्व्हरवर तसे मारुती दोन आहेत. एक एरर लॉग, जो अडलं तेच लिहितो. दुसरा अॅक्सेस लॉग, जो आलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवतो: कुठल्या पत्त्यावरून आला, किती वाजता, काय मागितलं, त्याला कुठला आकडा मिळाला, किती बाइट दिले.

एका खिडकीत 'टेल हायफन एफ' (फाइलीत नवी ओळ येताच दाखवणारी आज्ञा) लावून अॅक्सेस लॉग उघडा ठेवा, शेजारी ब्राउझर. पान रिफ्रेश करा आणि लॉगकडे बघा. नवी ओळ उमटली? मग तुमची मागणी सर्व्हरपर्यंत पोचली, दोष इथेच आहे, एरर लॉग वाचा. ओळ उमटलीच नाही? मग कॉन्फिगमध्ये डोकं खुपसून उपयोग नाही, मागणी वाटेतच कुठेतरी अडली: नाव चुकलं, आयपी म्हणजे मशीनचा नेटवरचा पत्ता चुकला, फायरवॉल या पोर्टांवरच्या राखणदाराने रोखलं, किंवा ब्राउझरने स्वतःच्याच पोतडीतलं जुनं पान काढून दाखवलं. एवढ्या एका चाचणीने निम्मी शोधाशोध वाचते. ब्राउझरची तक्रारही नीट वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे मशीनपर्यंत पोचलात पण त्या काउंटरवर कुणी बसलेलं नाही. इंजिनएक्स बंद असेल. बराच वेळ गोल फिरून 'टाइम्ड आउट' म्हणजे कुणी उत्तरच दिलं नाही, तिथे आधी फायरवॉलवर संशय घ्या.

आता तुमचा मराठी मजकूर. पत्रात 'भलत्याच अक्षरांत' एवढंच लिहिलंय, म्हणून दोन्ही शक्यता सांगते. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिलं दुखणं: 'शुभविवाह'च्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसतो, त्याच्या शेजारी चलनाचं कसलंसं चिन्ह, आणि मध्येच चक्क जपानी येन. हे दिसलं तर आनंद माना, मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ब्राउझरला ते सांगायला कुणी विसरलं की तो तीन बाइटांची तीन सुटी इंग्रजी अक्षरं करून मांडतो. पहिला बाइट नेहमी तोच, म्हणून तो तिरप्या रेघेचा ए सारखा येतो. दुसरा बाइट दोनांपैकी एक: व्यंजनं, स्वर, काना आणि ऱ्हस्व वेलांटीला चलनाचं चिन्ह, दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडला की येन. औषध दोन ओळींचं. एचटीएमएलच्या डोक्यात 'मेटा कॅरसेट यूटीएफ-८', आणि सर्व्हरच्या त्या महिरपी कंसात 'कॅरसेट यूटीएफ-८', शेवटी अर्धविराम. दोन्हीकडे लिहा.

दुसरं दुखणं तुमच्या धंद्यातलंच आहे. मजकूर जुन्या पत्रिकेच्या फाइलीतून उचललेला असेल आणि तो कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला असेल, तर तो संगणकाच्या लेखी मराठी नव्हताच कधी. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं आहेत, फॉन्टने वर मराठीचा मुखवटा चढवलाय. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर तो फॉन्ट नाही, मुखवटा गळून पडतो. सर्व्हरमध्ये कितीही ओळी लिहा, हे सुधारणार नाही. ओळखायची युक्ती: मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड, कचरा झाला तर जुना फॉन्ट. मग कन्व्हर्टरमधून काढा आणि त्यानंतर पुन्हा प्रूफ वाचा, विशेषतः रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं. कन्व्हर्टर तिथेच माती खातो. 'कार्यालय'चा रफार भलत्याच अक्षरावर बसलेली वेबसाइट मी नाशिकातच पाहिली आहे, नाव घेत नाही.

साइट जगाला दाखवायची वेळ आली की दुकानातल्या पीसीवरून दाखवायचा मोह होईल. टाळा. बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांत आता एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटून देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान दिसला तर तुमचंही तसंच आहे, आणि बाहेरून कुणी तुमच्या दारापर्यंत पोचूच शकणार नाही. शिवाय दुकानाची वीज. १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर सर्न या संशोधन संस्थेतल्या आपल्या टेबलावरच्या नेक्स्ट संगणकावर चालवला, तेव्हा त्यावर लाल शाईने चिठ्ठी चिकटवावी लागली होती की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. तुमच्याकडे झाडूपोछा करणारी बाई मिक्सरचा प्लग काढावा तसा काढेल. महिन्याच्या मोबाइल रिचार्जएवढ्या पैशांत भाड्याचा छोटा सर्व्हर मिळतो, तो घ्या. पण आधी महिनाभर जुन्या पीसीवर हात बसू द्या.

भाड्याच्या सर्व्हरवर पहिल्याच दिवशी फायरवॉल लावाल, म्हणून माझी फजिती ऐका. बरीच वर्षं झाली. एका कोल्ड स्टोरेजचा सर्व्हर होता आणि द्राक्षाचा सीझन ऐन भरात. सीबीएसजवळच्या टपरीवर चहा पीत मी लॅपटॉपवर फायरवॉल लावली. ८० ला परवानगी दिली, ४४३ ला दिली. 'एनेबल' म्हटल्यावर त्याने विचारलं, चालू असलेली एसएसएच जोडणी यामुळे तुटू शकते, पुढे जाऊ का? मी वाय दाबलं. जोडणी काही तुटली नाही, साइट छान चालत होती. लॅपटॉप मिटला, पंचवटीत घरी आले, रात्री पुन्हा जोडायला गेले तर सर्व्हर दारच उघडेना. एसएसएचच्या पोर्ट २२ ला परवानगी द्यायची राहिली होती. आधीची जोडणी जुनी ओळख म्हणून चालू राहिली, नव्याला मज्जाव. भाड्याच्या सर्व्हरला मागच्या दाराचा एक कन्सोल असतो, पण त्याला लागणारा रूट नावाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचा पासवर्ड मालकांच्या डायरीत, आणि मालक लग्नाला येवल्यात. सकाळपर्यंत मी जागी होते. तेव्हापासून आधी २२, मग बाकीचे. आणि फायरवॉलला हात लावल्यावर पहिली खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून बघायचं. जमलं तरच पहिली मिटायची.

कुलूपवाल्या वेबसाठी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, 'सर्टबॉट' नावाचा प्रोग्राम ते आणून बसवतो. त्याची नेहमीची पडताळणी ८० नंबरवरून होते, तेव्हा "आता ४४३ आहे" म्हणून ८० बंद करू नका. मुदत सध्या ९० दिवस, आणि आठवणीचे ईमेल पाठवणं त्यांनी २०२५ मध्ये बंद केलंय. नूतनीकरण आपोआप होतंय का याची रंगीत तालीम 'ड्राय रन'ने करून ठेवा. आणि ८० वरून ४४३ वर वळवताना प्रयोग चालू असेपर्यंत ३०२, म्हणजे तात्पुरतं वळण, वापरा. ३०१ म्हणजे कायमचं, ब्राउझर ते लक्षात धरून बसतो. तुम्ही फाइल सुधारली तरी तो जुन्याच वाटेने जात राहतो आणि आपण उगाच सर्व्हरला दोष देतो.

तुमचं गिऱ्हाईक मराठी नाव मागेल, हे गृहीत धरा. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतंय. मजा अशी की ब्राउझर सर्व्हरला ते नाव देवनागरीत सांगतच नाही. 'एक्स एन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं त्याचं रोमन रूप पाठवतो. कॉन्फिगमधल्या नावाच्या ओळीत तेच रूप लिहायचं, नाहीतर पुन्हा 'वेलकम टू इंजिनएक्स'. आणि डोमेन कुठलंही असो, ते गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्या ईमेलने, त्याच्या पैशाने नोंदवून द्या. तुमच्या नावावर ठेवलंत की दोन वर्षांनी भांडण ठरलेलं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगते. पहिले सहा महिने गिऱ्हाइकाची साइट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवू नका. त्याला साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे कंपनीच सांभाळते अशा सामाईक सर्व्हरवरची जागा, घेऊन द्या. सर्व्हर आपला असला की रात्री दोनला तो पडल्यावर उठायचंही आपणच, आणि २०२७ च्या सिंहस्थाला लॉजवाले आणि यात्रावाले साइट करून घ्यायला तुमच्या दारात येणारच आहेत. त्यांच्या पर्वणीच्या दिवशी तुम्ही शिकाऊ असून चालणार नाही. तुमच्या स्वतःच्या दुकानाची साइट खुशाल आपल्या सर्व्हरवर ठेवा.

या रविवारी एवढं करा. साइट 'व्हार'मध्ये हलवून चालू करा, आणि मग ती मुद्दाम मोडा. एक अर्धविराम काढा. रूटचं फोल्डर चुकवा. इंडेक्स फाइलचं नाव बदला. इंडेक्सला ६०० द्या. इंजिनएक्स बंद करा. प्रत्येक वेळी पाठकोऱ्या बिलबुकावर तीन गोष्टी लिहा: ब्राउझर काय म्हणाला, अॅक्सेस लॉगमध्ये ओळ आली का, एरर लॉगची शेवटची ओळ काय. मग परत जोडा. भाच्याला शेजारी बसवा आणि एकदा त्याला मोडायला सांगा, तुम्ही शोधा.

अडलात तर जरूर लिहा. फक्त "४०३ आला" एवढं नको, एरर लॉगची शेवटची ओळ पाठवा. आणि मॉनिटरचा मोबाइलने काढलेला फोटो नको, मजकूर कॉपी करून.

तुमची,
ताई